स्टेकघरातला बुधवार

मटण खाणाऱ्या माणसाला आमच्या कळंबात आठवड्याचे दोनच वार मोकळे मिळतात. सोमवार महादेवाचा. मंगळवार आणि शुक्रवार देवीचे. एका अंगाला तुळजापूर आणि दुसऱ्या अंगाला येरमाळा असल्यावर तिथे पळवाट काढायची सोयच नाही. गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरले बुधवार आणि रविवार. त्यातून श्रावण वजा करायचा, पितृपंधरवडा वजा करायचा, नवरात्र वजा करायचं, आणि मग जे काय हाताला लागेल त्यात एकादशी घुसलेली नाही ना, हे कॅलेंडर उलटून बघायचं. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, पण इतकी अवघड वजाबाकी पोरांना कधी घातली नाही.

हे सगळं मी भाच्याला फोनवर समजावून सांगत होतो. तो इंग्लंडात स्लाउला नोकरीला आहे. 2024 च्या जुलैत त्याने आम्हा नवरा-बायकोला तिकडे बोलावून घेतलं आणि "मामा, तुम्हाला एकदा अस्सल इंग्रजी स्टेक-ग्रिलमध्ये नेणार म्हणजे नेणार," असा हट्टच धरला. त्याने आपला सरळ रविवार धरला. तर हॉटेलवाल्या बाईने सांगितलं, रविवारी स्टेक मिळत नाही, रविवारी फक्त रोस्ट. शुक्रवारी येऊ का, तर शुक्रवार तिकडे माशाचा. मला ऐकून फार बरं वाटलं. वार पाळणारे आपण एकटेच नाही.

शेवटी बुधवार ठरला. टेबल राखून झालं, आणि मग आमच्या हिने पर्समधून पॉकेट कॅलेंडर काढलं. बुधवार, 17 जुलै: आषाढी एकादशी. ही माळकरी आहे, मी नाही. पण ज्या दिवशी आख्खं पंढरपूर उपाशी आहे त्या दिवशी सुरी-काटा हातात घ्यायची माझीही छाती झाली नाही. भाच्याने पुन्हा फोन लावून पुढचा बुधवार मागितला. बाईने कारण विचारलं. "एकादशी," भाचा म्हणाला. बाईने स्पेलिंग विचारलं. त्यानेही दिलं.

स्पेलिंग कशाला विचारलं, याचा उलगडा पुढच्या बुधवारी झाला. थेम्सकाठच्या एका गावातली जुनी पबची इमारत. आत काळ्याशार लाकडी तुळया, भिंतीवर कोल्ह्यांच्या शिकारीची चित्रं, आणि उजेड इतका बेताचा की आमच्याकडच्या लोडशेडिंगची आठवण यावी. काळा कोट घातलेला वेटर अदबीने खाली वाकला आणि हळूच म्हणाला, "आपल्यापैकी एकादशीची ॲलर्जी कुणाला आहे?"

तिकडे कायदा आहे. 14 पदार्थांची सरकारी यादी आहे: शेंगदाणे, तीळ, मोहरी, दूध, अंडी, असं काय काय. ते कुणाला बाधतं का, याची हॉटेलवाल्याला काळजी घ्यावी लागते. बिचाऱ्याने त्या यादीत एकादशी शोधली होती आणि ती सापडली नव्हती. नावाने अकरावी, पण त्यांच्या लेखी ती पंधरावी निघाली. "ती नक्की कोणत्या पदार्थात असते, सर?" त्याने कागद-पेन्सिल काढली. भाच्याने "आज नाही, आज नाही" करत त्याला वाटेला लावलं. तरी त्या रात्री आचाऱ्याने आमच्या ताटात शेंगदाणा येऊ दिला नाही, एवढं खरं.

इथून प्रश्नांना सुरुवात झाली. पहिला प्रश्न पाण्याचा. साधं बाटलीतलं, बुडबुड्यांचं, की नळाचं? आता 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, आणि ती गाडी आमच्या कळंब रोड स्टेशनावरून गेली होती. आमच्या मुलखात पाणी आलं की ते कोणतं, असं विचारायची पद्धत नाही. आधी भांडी भरून घेतात. मी म्हणालो, "जे असेल ते आणा." वेटरला हे उत्तर चालेना. त्याला माझी निवड हवी होती. मी नळाचं म्हणालो. नळाचं फुकट असतं, हे मला नंतर कळलं. पण वेटरच्या चेहऱ्यावरून तेव्हाच कळायला हवं होतं.

मग मेन्यू आला. पहिल्याच पानावर गाईचं भलंमोठं चित्र, आणि तिच्या अंगावर तुटक रेघा मारून पाडलेले भाग, प्रत्येकाला नाव. भूमी अभिलेख कार्यालयात गट नंबर घातलेला गावनकाशा असतो ना, हुबेहूब तसा. मी चष्मा चढवून चतु:सीमा बघू लागलो. भाचा बोट ठेवून सांगत होता, "मामा, हे सरलॉइन. हे रंप. हे रिबआय. आणि हा एवढासा तुकडा आहे ना, हे फिलेट. सगळ्यात महाग."

"रोड-टच असंल," ही म्हणाली.

आणि मग तिने मेन्यू मिटून उलटा ठेवला तो ठेवलाच. जी बाई पोळ्याला बैलांना स्वत:च्या हाताने पुरणपोळी भरवते, तिच्यापुढे हा नकाशा उघडायला नको होता. मी तातडीने लॅम्ब चॉप्स सांगितले. भाच्याने मामीकडे न बघता चिकन सांगितलं. एरवी तो तिथे काय सांगत असेल हे मी विचारलं नाही, आणि त्यानेही आपण होऊन सांगितलं नाही. मामा-भाच्याचं नातं अशा ठिकाणीच टिकतं.

बोकडाचं काही आहे का, असं मी चौकशीखातर विचारलं. उस्मानाबादी शेळी म्हणजे देशभर नाव असलेली जात. काळीभोर, काटक, आणि बहुधा जुळी देणारी. तिच्या जिल्ह्यातला माणूस हा प्रश्न विचारणारच. वेटर म्हणाला, शेळीचं चीज आहे. शेळी आहे आणि बोकड नाही, हा कसला हिशोब, ते मला अजून उमगलेलं नाही.

मेन्यूच्या खाली तळटीप होती. मोठ्या अभिमानाने छापलेलं: आमचं बीफ आम्ही 28 दिवस टांगून मुरवतो. भाच्याने ते मराठीत सांगायला नको होतं.

"28 दिवस?" ही म्हणाली. "फ्रीज बंद पडला होता का?"

भाच्याने समजावलं, की थंड कोठीत टांगून ठेवलं की मांसातलं पाणी आटतं, आतल्या रसायनांनी धागे सैल पडतात, चव दाट होते, आणि जितके दिवस जास्त तितका भाव जास्त. कळंबात रविवारी सकाळी सहाला लोक मटणाच्या दुकानासमोर पिशवी घेऊन उभे असतात. आपल्यासमोर कापलेलं पाहिजे. नऊला गेलेल्या माणसाला दुकानदार "ताजंच आहे" असं म्हणाला, तरी तो माणूस नाकपुड्या फुगवून आधी वास घेतो. तिथे "28 दिवसांपूर्वीचं आहे" अशी पाटी लावली तर दुकानदारालाच टांगतील. "मामा, तुमचं लॅम्ब फार तर आठवडाभराचं असेल," भाच्याने मला धीर दिला. मला तो पुरला नाही.

मग तो मुख्य प्रश्न आला. कसं शिजवू?

मी भाच्याकडे बघितलं. तो म्हणाला, इथे गिऱ्हाइकाने सांगायचं असतं. रेअर म्हणजे आतून लाल, साधारण 50 अंशांवर काढलेलं. मीडियम म्हणजे गुलाबी, 60 च्या आसपास. वेल डन म्हणजे 70 च्या पुढे.

"50 अंशांवर शिजतं?" मी म्हणालो. "अरे, मे महिन्यात आपल्या मोंढ्यातल्या पत्र्याला हात लावून बघ. नुसतं वर ठेवलं तरी तुझं रेअर होऊन खाली येईल."

वेटर वाट बघत होता. त्याने सुचवलं, आमचे आचारी चॉप्स गुलाबी ठेवतात. मी म्हणालो, त्यांना सांगा पूर्ण शिजवा, आणि शिजल्यावर परत एकदा शिजवा. वेटरच्या चेहऱ्यावर दुखवट्याची छाया पसरली. त्याने ते कागदावर लिहिलं, खाली रेघ मारली, आणि आत आचाऱ्याला सांगायला निघाला तो मान खाली घालूनच. मला वाटलं संपलं. छे! पुदिन्याचं सॉस की मिरीचं? बटाटे तळलेले, उकडलेले की कुस्करलेले? वाटाणे घेणार? त्यांचे वेगळे पैसे. सॉसचेही वेगळे. सॅलडचेही. ताटात काय-काय येणार हे सगळं आपणच सांगायचं, ते किती शिजवायचं हेही आपणच ठरवायचं, मीठ आपणच घालून घ्यायचं. मला सारखं वाटत होतं, की हा आता चूलसुद्धा मलाच पेटवायला लावणार.

हिच्यासाठी शाकाहारी म्हणून एकच गोष्ट होती: कॉलिफ्लॉवर स्टेक. 18 पौंड. हिला वाटलं, फ्लॉवरचं काहीतरी भरलेलं वगैरे असेल. प्रत्यक्षात फ्लॉवरचा गड्डा उभा कापून मधली एक चकती काढलेली, ती जाळीवर भाजून काळ्या पट्ट्या उठवलेल्या, आणि वर चार डाळिंबाचे दाणे.

"बाकीचा गड्डा कुठाय?" हिने विचारलं.

माझं पौंडाचे रुपये करणं विमानतळापासून चालूच होतं. पौंड शंभराच्या वर गेलेला. पण रुपयांवर माझं समाधान होत नाही, मी पुढे जाऊन सोयाबीन करतो. सरकारने नुकताच सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 जाहीर केला होता, आणि मोंढ्यात नेलं की त्याहून पाच-सहाशे कमीच पदरात पडत होते. माझे चॉप्स 40 पौंडांचे. म्हणजे जवळजवळ एक क्विंटल सोयाबीन. वाफसा बघून पेरणी, कोळपणी, फवारण्या, पावसाने ओढ दिली की आभाळाकडे बघणं, मळणीच्या मशीनची वाट बघत रात्र काढणं, आणि हे सगळं तीन चॉप्स आणि पुदिन्याचा पाला. फ्लॉवरची चकती अर्ध्या क्विंटलला थोडी कमी. आमच्या बटईदाराला हे कळलं तर तो उद्यापासून लंडनलाच माल घालील.

जेवण यायला वेळ होता, म्हणून मी भिंतीवरच्या फ्रेमा वाचत बसलो. भाचाही भर घालत होता. लंडनमध्ये 1735 साली स्टेक खाणाऱ्यांचं एक मंडळ निघालं, अध्यक्ष-बिध्यक्ष असलेलं, आणि त्यांचं बोधचिन्ह म्हणजे चक्क भाजायची जाळी. त्याच साली इकडे बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेला निघाल्या होत्या. ज्याने त्याने आपापल्या परीने पुण्य जोडावं, याबद्दल माझी तक्रार नाही. पुढे 1828 मध्ये लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर सिम्पसन्स सुरू झालं. तिथे बुद्धिबळं खेळायला मंडळी जमत. खेळणाऱ्यांची तंद्री मोडू नये म्हणून भाजलेल्या मांसाचे भलेमोठे तुकडे चांदीच्या ढकलगाड्यांवरून त्यांच्या टेबलापर्यंत नेत. मला हे पटलं. उठावं न लागता जेवण आलं तर आमच्याकडेही कितीतरी बुद्धिमान माणसं निपजली असती.

पण गंमत पुढेच आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांवर मांसाचं रेशनिंग आलं ते 1954 च्या जुलैपर्यंत टिकलं. ते उठल्यावर पुढच्याच वर्षी ब्रिस्टलमध्ये दोन बर्नी बंधूंनी स्टेकची खानावळ काढली, तिच्या शाखा देशभर पसरल्या, आणि साध्या नोकरदार इंग्रजाला बाहेर जाऊन स्टेक, बटाटे नि वाटाणे खायची सवय लागली ती तिथून. हे बर्नी बंधू इटालियन! म्हणजे इंग्रजांना स्टेकची चटक लावली इटालियनांनी, आणि मुंबईकरांना साठच्या दशकात त्याच कुळातला तो धूर काढणारा सिझलर खायला लावला इराण्यांनी. आमच्या भागात दोघेही पोचले नाहीत. आमच्याकडे इंग्रजही धड पोचला नव्हता. बार्शीपर्यंत त्याचं राज्य, आणि पुढे येडशी लागली की निजाम. काटा-चमचा बार्शीत उतरला आणि तिथेच राहिला. परिणामी त्या बुधवारी माझ्या डाव्या हातात जो काटा होता, तो आमच्या घराण्याच्या इतिहासातला पहिलाच.

भाच्याने शिकवलं: काटा डाव्या हातात, त्यानेच घास तोंडात. आता डाव्या हाताने जेवणाऱ्या पोरांच्या हातावर मी स्वत: किती पट्ट्या मारल्यात, हे कळंबातली दोन पिढ्यांतली माणसं सांगतील. त्यांच्यापैकी कुणी त्या हॉटेलात नव्हतं, हेच नशीब.

चॉप्स आले. खरं सांगतो, वास उत्तम होता. पण ताट कोरडं. रस्सा नाही. वाटीभर सोडा, चमचाभर नाही. शेजारी एवढ्याशा कपात हिरवं पाणी होतं, ते पुदिन्याचं सॉस. पुदिन्याची चटणी म्हणून मी भरघोस ओतलं, तर ते आंबट-गोड निघालं. व्हिनेगर आणि साखर. मटणाला साखर. हिने माझ्याकडे बघितलं, पर्स उघडली आणि काळ्या तिखटाची डबी काढली.

जयपूरचे महाराज माधोसिंग 1902 साली एडवर्ड राजाच्या राज्याभिषेकाला लंडनला गेले, तेव्हा चांदीच्या राक्षसी हंड्यांतून गंगाजल घेऊन गेले होते. ते हंडे आजही जयपूरच्या राजवाड्यात लोक पैसे देऊन बघतात. आमच्या हिने काळं तिखट आणलं तर भाचा मेन्यूचा आडोसा धरून "मामी, मामी, आत ठेवा" करत होता. फ्लॉवरवर तिखट पडलं, चॉपवर पडलं, आणि मग भाच्यानेही इकडेतिकडे बघून आपलं चिकन हळूच पुढे सरकवलं.

थोडा रस्सा मिळाला तर काम होईल असं माझ्या मनात आलं. मी वेटरला हाक मारायला तोंड उघडलं, तर भाच्याने माझा हात दाबला. "मामा, हाक मारायची नाही. नजरानजर व्हायला पाहिजे." मी नजर लावली. वेटर त्या टोकाला पाठ करून उभा. त्याच्या आणि माझ्यामध्ये एक पोक्त इंग्रज बाई बसली होती. तिला वाटलं मी तिच्याकडेच बघतोय. ती हसली. मी हसलो. तिचा नवरा हसला नाही. हिने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. कळंबच्या खानावळीत नुसतं "ए, रस्सा!" म्हटलं की बादली घेऊन पोरगं धावत येतं, आणि कुणाचाही संसार धोक्यात येत नाही.

शेवटी रस्सा आला. ग्रेव्ही म्हणून. चिमुकल्या किटलीत. तीन पौंड.

त्या शेजारच्या जोडप्याकडे माझं लक्ष मात्र नंतरही गेलं, वेगळ्या कारणाने. नवरा आपल्या स्टेकशी झटत होता. सुरी पुढे-मागे, कपाळाला घाम. चघळतोय, चघळतोय, पाणी पितोय. बायकोशी दबक्या आवाजात त्याची तक्रार चाललेली; भाच्याच्या कानावर आली ती अशी, की हे चामडं आहे, आपण उगाच आलो. एवढ्यात वेटर तिथे गेला आणि कमरेत वाकून विचारता झाला, "सगळं ठीक ना?"

"लव्हली!" नवरा म्हणाला. बायको म्हणाली, "ॲब्सोल्यूटली लव्हली."

मी थक्क झालो. मग वेटर आमच्याकडे वळला. मी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं, की बाबा रे, चॉप बरे आहेत, पण कोरडे आहेत, आणि त्या पुदिन्यात साखर घालणाऱ्याला एकदा आमच्याकडे पाठव. तो वाकला. "सगळं ठीक ना?" आणि माझ्या तोंडून काय निघावं? "लव्हली." भाचा म्हणाला, "लव्हली." हिला इंग्रजी येत नाही, ती फ्लॉवरकडे बोट दाखवून म्हणाली, "लवली." आख्ख्या हॉलमध्ये तोच एक शब्द घुमत होता. जेवणाआधी इतके बारीक प्रश्न विचारणारी ही माणसं जेवणानंतर एकच विचारतात, आणि त्याचं उत्तर सगळ्यांचं आधीच ठरलेलं.

बिलात खाली साडेबारा टक्के सेवाशुल्क लावलेलं होतं, पुढे लिहिलं होतं: ऐच्छिक. "म्हणजे नाही दिलं तरी चालतं?" मी विचारलं. "चालतं," भाचा म्हणाला, "पण न देणारा माणूस मी अजून पाहिला नाही." शाळेत वर्षानुवर्षं ऐच्छिक इमारत निधी गोळा केलेल्या माणसाला एवढं पुरलं. एकूण बेरीज सव्वातीन क्विंटलच्या घरात गेली. ती मी हिला अजून सांगितलेली नाही.

कळंबला परतलो तर श्रावण लागलेला. मग गणपती, मग पितृपंधरवडा, मग नवरात्र. दसरा उलटून गेला तेव्हा कुठे एक बिनविघ्नाचा रविवार हाताला लागला आणि मी नेहमीच्या खानावळीत जाऊन बसलो. मालकाने ज्वारीच्या भाकरी आणून आपटल्या.

"मास्तर, सुकं का रस्सा?"

"रस्सा. कसं शिजवलंय?"

"म्हंजे?"

"म्हणजे पूर्ण का मध्यम?"

मालक माझ्याकडे बघत राहिला. "मास्तर, शिजलं नसतं तर झाकण काढलं असतं का?"

मी गप्प जेवलो. रस्सा असा जमला होता, की नाका-डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भाकरी चुरून, हात कोपरापर्यंत माखवून, उजव्या हाताने जेवलो. मालक गल्ल्यावरून उठून आला आणि म्हणाला, "काय मास्तर?"

"लव्हली," मी म्हणालो. सवयीने गेलं तोंडातून.

मालकाचा चेहरा उतरला. "काय झालं? मीठ कमी पडलं का?"

"नाही, नाही. छान झालंय."

"छान?" त्याने मागे वळून आत आरोळी ठोकली, "अरे, आज रस्सा बिघडलाय! मास्तर छान म्हणायलेत!" आतून आचारी पळी घेऊन बाहेर आला. शेजारच्या टेबलावरचे दोघे माझ्या वाटीत डोकावले. एकाने बोट बुडवून चव घेतली. माझी विचारपूस सुरू झाली, की तब्येत बरी आहे ना, घरी सगळं ठीक आहे ना, पेन्शन अडकली का. मालकाने न मागता दुसरी वाटी आणून पुढ्यात ठेवली आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

मी दोन घास घेतले, डोळे पुसले आणि म्हणालो, "तिखट जरा कमीच पडलंय."

तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.